मोठ्या ऑपरेशनवर चामखीळ फुकट

मी रोज दुपारचा डबा उघडायच्या आत पंचवीस-तीस ऑपरेशनं उरकतो, आणि आजवर माझ्या शर्टावर रक्ताचा एक ठिपकाही पडलेला नाही. पडलाच असेल तर तो सांबाराचा.

घाबरू नका, खुलासा करतो. मी चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत मेडिकल कोडिंग करतो. म्हणजे असं, की तिकडे अमेरिकेत एखाद्या सर्जनने कोणाचं पित्ताशय काढलं, की त्याने काय काय केलं याचा लेखी वृत्तांत आमच्या कॉम्प्युटरवर येतो. तो वाचून मी त्याला एक पाच आकडी नंबर लावतो. काय केलं याचा एक नंबर, कशासाठी केलं याचा दुसरा. नंबर बरोबर लागले की तिकडची विमा कंपनी सर्जनला पैसे देते. चुकले की आमची टीम लीडर मला जे द्यायचं ते देते. बाकी माझं शिक्षण वनस्पतिशास्त्रात झालंय. माणसाच्या शिरांपेक्षा पालकाच्या पानाच्या शिरांशी माझी जास्त ओळख. पण सांगलीहून नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा पालकाला कोणी विचारत नव्हतं!

माझी बायको गायत्री तंजावरी मराठी. तिच्या घरचे कित्येक पिढ्या तमिळ मुलखातच, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकताना एखादा बखरकार गरम इडली तोंडात घेऊन बोलतोय असं वाटतं. लग्न ठरताना तिने वडिलांना सांगितलं, "ते ऑपरेशनचं काम करतात." आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली. पुढचं वाक्य आजतागायत राहिलेलं आहे. तिच्या माहेरी, तांबरमच्या सगळ्या गोतावळ्यात मी 'ऑपरेशनवाले मापिळ्ळे' झालो. (मापिळ्ळे म्हणजे जावई. सासरी मला हेच नाव आहे. खरं नाव फक्त लग्नपत्रिकेला माहीत.) सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो. पण पंगतीत पहिला गरम वडा माझ्याच पानात पडायला लागला, तशी दुरुस्तीची निकड कमी होत गेली.

हे असंच सुखाने चाललं असतं, पण अप्पांना हर्निया झाला.

अप्पा म्हणजे माझे सासरे. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ताठ माणूस. गाडीत आग लागली तरी आधी घड्याळात वाजले किती ते बघून मग बादली शोधतील असा. जांघेत लिंबाएवढी फुगी आली, ती त्यांनी वेष्टीच्या, म्हणजे तमिळ धोतराच्या, आत बरेच महिने लपवली. शेवटी अम्मांनी, म्हणजे सासूबाईंनी, ती बघितली आणि त्यांना रिक्षात घालून वेलचेरीत आमच्या घराजवळच्या हॉस्पिटलात आणलं. सर्जनबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, की ऑपरेशन करून घ्या. आतडं त्यात अडकलं तर धावपळ करून, जिवावर बेतलेलं असताना करावं लागेल.

अप्पा म्हणाले, "सरी, आडी होऊं द्या."

सरी म्हणजे बरं. आडी म्हणजे तमिळ पंचांगातला आषाढ-श्रावणाच्या मधला महिना. त्यात कोणी नवं काम सुरू करत नाही. अम्मा एरवी आडीत साधा नवा झाडूही घरात आणत नाहीत. पण त्या दिवशी त्या कडाडल्या, "हें नवें काम कसें? जुन्याच पोटाचें काम हें!"

"मग नवरात्र होऊं दे. घरांत बाहुल्यांचा गोलू मांडायचा असतो."

"बाहुल्या मी मांडतें. तुम्ही काय पायरीवर बसणार आहांत?"

हे रोज चालायचं. अप्पा घाबरले होते. ते तसं म्हणत नव्हते, पण हल्ली खोकला आला की गुपचूप हात पोटाखाली नेत, आणि आम्ही बघतोय असं दिसलं की वेष्टी सारखी करत. गायत्री त्या काळात नीट जेवत नव्हती. एक दिवस ती मला म्हणाली, "तूच सांग नं त्यांना. तू ऑपरेशनचा माणूस आहेस. तुझं ऐकतील."

"अगं, मी बॉटनीचा माणूस आहे!"

"वडे खाताना तर बोलला नाहीस कधी."

मी रविवारी ऑफिसातलं जुनं कोडचं पुस्तक काखोटीला मारून तांबरमला गेलो. (नंबर दरवर्षी थोडे बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीचं पुस्तक कोणी हौशी मनुष्य घरी नेतो. आमच्या ऑफिसात तो हौशी मनुष्य म्हणजे मी.) कल्पना अशी, की हर्निया ही इतकी मामुली गोष्ट आहे, की तिचा नंबरसुद्धा मला तोंडपाठ आहे, हे त्यांना दिसावं. भीती नंबरात बसवली की लहान होते, असा माझा अनुभव. अर्थात तो दुसऱ्याच्या भीतीचा.

"हे बघा अप्पा. चार नऊ पाच शून्य पाच. जांघेतला हर्निया. अशा कामाचे कागद माझ्याकडे रोज येतात."

अप्पांनी भिंग काढलं. रेल्वेचं नियमांचं पुस्तक आयुष्यभर वाचलेला माणूस. बारीक टाइप बघून त्यांच्या चेहऱ्यावर मला महिन्याभरात पहिल्यांदा तेज दिसलं.

"पांच वर्षें व त्यावरील," ते वाचून म्हणाले. "मी सत्तरीचा. म्हणजे अटींत बसतों."

"व्यवस्थित बसता!"

"आणि भोक पाडणें, शिवणें, त्याचे आकडे कुठें?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण समोर फिल्टर कॉफीचा दबरा वाफाळत होता, अम्मा दारात उभ्या राहून कौतुकाने ऐकत होत्या, आणि मला आयुष्यात प्रथमच कोणीतरी कामाबद्दल प्रश्न विचारला होता.

"तीच तर गंमत आहे अप्पा! मोठं काम केलं, की त्यासाठी लागणारी बारीक कामं त्यातच धरतात. चीर देणं, टाके घालणं, यांचे वेगळे पैसे लावता येत नाहीत. लावले तर विमावाले पकडतात."

"कळलें नाहीं."

तेव्हा माझ्या बुद्धीला जो दृष्टान्त सुचला, त्याबद्दल त्या वेळी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. चेन्नईत आडी महिन्यात सगळ्या दुकानांत सेल लागतो, हे अप्पांना पक्कं ठाऊक. मी म्हणालो, "आडी सेलला कसं, रेशमी साडी घेतली की त्यावर टॉवेल फुकट? तसंच समजा!"

अप्पांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "हें मज आधीं कोणी सांगितलें नाहीं."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः फोन केला, की ऑपरेशनला तयार आहे, याच आडीत करून टाकूं! गायत्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, की लग्नातही तसं बघितलं नव्हतं. तो आठवडा मी घरात जरा छाती काढूनच वावरलो. पुस्तक मात्र अप्पांकडेच राहिलं होतं. ते परत आणावं असं मला का सुचलं नाही, देव जाणे!

दोन-तीन दिवसांनी अप्पांचा फोन आला. "मापिळ्ळे, मानेवर माझ्या बारीक चामखिळी आहेत."

"असतात अप्पा या वयात. काही होत नाही त्यांनी."

"त्यालाही आकडा आहे. अकरा हजार दोनशें. पंधरापर्यंत काढल्या तरी एकच आकडा."

"बरोबर," मी कामात होतो. एका अमेरिकन बाईचा गुडघा बदलत होतो.

"माझ्या चारच आहेत."

"छान."

"बाकीच्या अकरा वायां कां घालवाव्या?"

मला वाटलं गंमत करतायत. सासरे कधी नव्हे ते गंमत करतायत म्हणून मी जरा जास्तच मोठ्याने हसलो. माझ्या हसण्याचा त्यांनी होकार धरला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी आणि गायत्री हॉस्पिटलात पोचलो, तर अप्पांना आत नेलेलं होतं, आणि बाहेरच्या बाकड्यावर अम्मा बसल्या होत्या. शेजारी चित्तप्पा, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. धीर द्यायला आले असतील म्हणून मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, की चित्तप्पांनी शर्टाची वरची बटणं उघडी ठेवली आहेत, मानेला पावडर लावली आहे, आणि तेही उपाशी आहेत.

"चित्तप्पा, तुम्ही नाश्ता नाही केलात?"

"ऑपरेशनला उपाशीं यायचें नं?" ते म्हणाले. "माझ्या सहा आहेत. वहिनींच्या पांच. दादाच्या चार धरून बरोबर पंधरा. शेअर ऑटो भरली!"

मी अम्मांकडे बघितलं. अम्मांनी लाजून मानेवरचा पदर जरा बाजूला केला, आणि म्हणाल्या, "मी नको म्हटलें होतें. पण वायां जातें म्हणाले."

"अय्यो," गायत्री म्हणाली. ते चित्तप्पांना उद्देशून नव्हतं, मला उद्देशून होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात आतून एक नर्स धावत आली.

"पेशंटच्या अंगावर कोणी लिहिलंय?" तिने तमिळमध्ये विचारलं, आणि सगळ्या घराने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी आणि गायत्री आत गेलो. अप्पा हिरवा गाऊन घालून खाटेवर ताठ बसलेले. गाऊन मागून उघडा असतो, त्यामुळे दिसायचं ते सगळं दिसत होतं. पाठीवर चरबीची एक गाठ होती, तिच्याभोवती निळ्या बॉलपेनने वर्तुळ, बाजूला पाच आकडे. पायाच्या अंगठ्याचं नख आत वाढलेलं, तिथे वर्तुळ आणि पाच आकडे. मानेवर चार ठिपके, चार वर्तुळं. (मागची बाजू अम्मांनी लिहिली होती, अक्षर सुरेख होतं!) आणि नर्सने सांगितलं त्याप्रमाणे, जांघेत जिथे खरोखर कापायचं होतं, तिथे चार नऊ पाच शून्य पाच, खाली दोन रेघा.

एक सांगायला हवं: डावी-उजवी चुकू नये म्हणून ऑपरेशनच्या जागी आधी पेनाने खूण करतात, हेही मीच त्यांना कॉफीच्या दुसऱ्या दबऱ्याला सांगितलं होतं.

सर्जनबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. "तुम्ही ते जावई?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग?"

"कोडर आहे."

"शिक्षण?"

मी गायत्रीकडे बघितलं. ती भिंतीवरच्या हात कसे धुवावेत याच्या चित्राचा बारकाईने अभ्यास करत होती. "बॉटनी," मी म्हणालो.

सर्जनबाईंनी मोठा श्वास घेतला. मग अप्पांना समजेल अशा साध्या तमिळमध्ये सांगितलं, की आज फक्त हर्निया. आत जाळी बसवायची आहे. त्याच वेळी नखाबिखाची उठाठेव केली तर जंतू जाळीपर्यंत जातील. बाकीचं नंतर, वेगळं. आणि बाहेरच्या लोकांनी इडली खायला हरकत नाही.

"पण मोठ्यावर लहान फुकट असतें," अप्पा म्हणाले. "आमचे मापिळ्ळे म्हणाले."

"अप्पा," मी म्हणालो, "ते अमेरिकेतल्या बिलांचं. आणि तेसुद्धा त्याच कामातल्या टाक्यांचं. चामखिळींचं नाही."

"आडी सेल म्हणालांत."

"म्हणालो खरं."

"मग मी येत नाहीं." अप्पा खाटेवरून उतरायला लागले. "आडी संपूं दे, मग बघूं. नवरात्रानंतर."

सर्जनबाई म्हणाल्या, "दुसरा पेशंट थांबलाय. पाच मिनिटांत काय ते ठरवा," आणि बाहेर गेल्या.

मी अप्पांच्या हाताकडे बघितलं. खाटेची दांडी त्यांनी इतकी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडली होती. उतरायचं तर दांडी सोडावी लागते, ती त्यांना सोडता येत नव्हती. तेव्हा मला उशिरा का होईना उजेड पडला. सगळा आठवडा भिंग घेऊन बसले होते ते टॉवेल फुकट मिळवायला नव्हे. वाचत असलं, मोजत असलं, की त्या एका आकड्याचा विचार करावा लागत नाही. मला या ताठ माणसाची एकदम माया आली. आणि भीतीही वाटली, की आज हे उतरले तर परत चढणार नाहीत, आणि ते आतडं काही नवरात्राचं पंचांग बघून अडकणार नाही.

गायत्री हलक्या आवाजात म्हणाली, "अप्पा, माझ्यासाठी करा नं." आणि रडायला लागली.

धीराचे चार शब्द मला सुचेनात. मला येतं तेवढंच मी बोललो.

"अप्पा, तुम्ही आत्ता उठून गेलात तर त्यालाही कोड आहे."

ते थांबले. "कशाला?"

"ठरलेलं ऑपरेशन झालं नाही. पेशंटच्या निर्णयामुळे."

"हें पुस्तकांत आहे?"

"कशासाठी केलं, याचं जे दुसरं पुस्तक असतं, त्यात आहे."

अप्पांनी विचार केला. "घाबरला, असें लिहितात?"

"नाही. कारण दिलेलं नाही, एवढंच."

"आणि वाचणारा काय समजतो?"

मी रोज असे कागद वाचतो. खोटं कसं सांगू? "घाबरला, असंच समजतो."

अप्पा खाली बघत होते. मग म्हणाले, "सर्व्हिसींत मी एकदांही गाडी अर्ध्यांत सोडली नाहीं. पुरांत रूळ दिसत नव्हते, तरी सोडली नाहीं."

"मला माहीत आहे."

"तुम्हांस काय माहीत? तुम्ही तेव्हां सांगलींत होतां." ते पाय वर घेऊन परत आडवे झाले, आणि छताकडे बघत म्हणाले, "मज भय वाटतें, मापिळ्ळे."

"मलाही वाटतंय अप्पा," मी म्हणालो, आणि त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. माझा त्याहून गार होता, हे त्यांनीच मला सांगितलं.

"तुम्ही बाहेर बसा," ते म्हणाले. "तुम्हांस कांहीं झालें तर इथें दुसरा आकडा शोधावा लागेल. चला, बोलवा बाईंना. सिग्नल द्या."

त्यांना आत नेलं. बाहेर चित्तप्पा कॅन्टीनमधून इडलीची पुडी घेऊन आले होते आणि अम्मा ती न खाता हातात धरून बसल्या होत्या. गायत्री माझ्याशी बोलत नव्हती, पण तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. म्हणजे निकाल राखून ठेवला होता. मी आयुष्यात शेकडो हर्निये संपवले होते, एकेक चहाच्या घोटागणिक. तो एक संपता संपेना.

शेवटी सर्जनबाई बाहेर आल्या. सगळं उत्तम झालं होतं. "भूल फक्त कमरेखाली होती," त्या कपाळ पुसत म्हणाल्या. "त्यामुळे वरचा भाग सतत बोलत होता. मी टाका घातला की विचारायचे, हा वेगळा धरणार की यातच?"

"तुम्ही काय सांगितलंत?" गायत्रीने विचारलं.

"यातच, म्हटलं. केवढे खूश झाले!" आणि माझ्याकडे बघून त्या चक्क हसल्या.

अप्पा विश्रांतीसाठी आमच्याच घरी आले. हॉस्पिटल जवळ, आणि घरात ऑपरेशनवाला माणूस! माझ्या खोलीत त्यांचा पलंग लागला, मी हॉलमधल्या सोफ्यावर गेलो. सकाळी त्यांच्या उपम्यात मोहरी कमी, हे माझ्यामुळे. कॉफी पातळ, हेही माझ्यामुळे. बाल्कनीतल्या कुंडीत पालक उगवत नाही, यावर तर ते रोज बोलत, कारण आता माझं शिक्षण त्यांना कळलं होतं. मला राग यायचा, पण ते खोकताना आता हात पोटाखाली नेत नव्हते. ते दिसलं की राग टिकायचा नाही.

टाके सुकले, फेऱ्या मारायला लागले, तरी तांबरमला जायचं नाव नव्हतं. वेळ जावा म्हणून त्यांनी माझ्याकडून ते दुसरं पुस्तकही मागून घेतलं होतं. एका संध्याकाळी मी ऑफिसातून दमून आलो, सोफ्यावर वाळत घातलेली त्यांची वेष्टी बाजूला करून टेकलो, तर आतून हाक आली.

"मापिळ्ळे! झेड त्रेसष्ट पॉइंट एक. सासरच्या माणसांशीं संबंधांत अडचण. हें खरोखर आहे?"

"आहे अप्पा."

"आजार म्हणून?"

"डॉक्टरकडे जाण्याचं कारण म्हणून."

ते भिंग घेऊन दारात आले. चालणं ठणठणीत, पाठ ताठ. "हा आकडा लावायचा कोणास? सासऱ्यास, कीं जावयास?"

हा प्रश्न मात्र सोपा होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी तज्ज्ञासारखं, ऐटीत उत्तर दिलं. "दोघांपैकी जो पेशंट असेल त्याला."

"सरी," अप्पा समाधानाने म्हणाले. "मी तर बरा झालों."